दहा मिनिटं पुढे

घड्याळवाल्याने पट्ट्याचं टोक बकलातून ओढून घेतलं, तिचं मनगट दोन बोटांत धरून फिरवून बघितलं, जणू दुरुस्तीला मनगटच आलं होतं, आणि म्हणाला, "सैल नाही ना होत, ताई? आठ दिवस झाले तयार होऊन. म्हटलं, बाई विसरल्या बहुतेक." "विसरते कसली," ती म्हणाली, "हात नुसता रिकामा रिकामा वाटतो हो." गिऱ्हाइकाने दुकानदाराशी चार शब्द बोलायचे म्हणून बोलली. पण बोलता बोलताच तिला वाटलं, जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं काहीतरी झालं. घड्याळवाला डोळ्याला लावलेलं भिंग वर सरकवून तिच्याकडे बघत राहिला. "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली, आणि खरंच काही झालं नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी, एक तारखेला सकाळी कामावर जाताना, काच तडकलेलं घड्याळ ती इथे टाकून गेली होती आणि आज बारा तारखेला जेवणाच्या सुट्टीत घेऊन चालली होती. घड्याळ नीट टिकटिकत होतं. ओल्या गोणपाटाचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास मारणाऱ्या त्या अरुंद गल्लीतून बंदराकडे परत जाताना तिने तीनदा मनगट बघितलं, आणि तिन्ही वेळा तिला किती वाजले ते कळलं नाही. काटे दिसत होते, वेळ दिसत नव्हती.

बंदराच्या फाटकावर तिने रोजच्यासारखा मोबाईल काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवला. आत मोबाईल न्यायचा नाही हा नियम जुना. सुरुवातीला सगळ्यांनी कुरकुर केली, मग उलट बरंच वाटायला लागलं, घरचे फोन चुकवायला इतकं सरकारी कारण दुसरं नव्हतं. जिना चढून ती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आली. पाच टेबलं, पाच खुर्च्या, धक्क्याकडे उघडणाऱ्या तीन खिडक्या, आणि जुन्या कागदांच्या खोलीच्या दारावर गोल पांढरं भिंतीवरचं घड्याळ. तिने मनगटाकडे बघितलं. दोनला दोन मिनिटं कमी. भिंतीकडे बघितलं. दोन वाजून आठ. यात नवीन काही नव्हतं. हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, एकोणीस वर्षं ठाऊक होतं, इतकं ठाऊक होतं की आता कुणाला ते ठाऊक आहे हेही आठवत नसे. घड्याळाकडे बघायचं आणि मनात दहा वजा करायचे. चष्मा लावलेल्याला नाकावरचं ओझं जाणवत नाही, तशी ती वजाबाकी. शिवाय नोंदवहीत वेळ लिहायची ती तिच्या मनगटावरची, भिंतीवरची नव्हे. होडी आली की धक्क्यावरचा माणूस बिनतारी यंत्रावरून ओरडे, "बांधली." म्हणजे दोर लोखंडी खुंटाला बांधला. ती मनगट बघे आणि लिही. एकोणीस वर्षांत तिच्या नोंदवहीत एक खाडाखोड नव्हती. साहेब बदलत, त्यांच्याबरोबर टेबलावरच्या काचा बदलत, पण नवा साहेब आला की आबा, म्हणजे हेडक्लार्क, नोंदवही उघडून दाखवत आणि म्हणत, "हे आमच्या ताईंचं अक्षर." घरातली मुलगी दाखवावी तसे.

तर एक तारखेला मनगट रिकामं होतं. आणि एक तारखेला ती होडी आली होती.

ती खुर्चीत बसली. नोंदवही ओढली. पानं उलटताना तिला आपली बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी दिसली, जाड, नखाशी शाईचा डाग असलेली. एक तारीख. सकाळचे दोन मालवाहू, एक मासेमारी, आणि मग ती. होडीचं नाव: नाही. कुठून: सांगता येत नाही. माणसं: एक्केचाळीस. वेळ: बारा वाजून सहा मिनिटं. सही. अक्षर छान होतं. सहाचा आकडा तर इतका सुबक की मुलांच्या कित्त्यात छापावा.

सरकारचा नवा आदेश त्याच दिवशी दुपारी बारापासून लागू झाला होता. होड्यांतून आसरा मागायला येणारी माणसं वाढली, गावोगाव सभा झाल्या, काही लोक रडले, काही ओरडले, आणि मग आदेश निघाला. बाराच्या आत धक्क्याला लागलेल्या होडीतल्या माणसांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्यांना ठेवून घ्यायचं की नाही ते सावकाश ठरवायचं. बारानंतर लागलेल्यांचं काही म्हणजे काही ऐकायचं नाही. मिळेल त्या पहिल्या जहाजाने आली तिकडे परत पाठवायचं. आणि होडी केव्हा लागली यावर पुढे वाद नकोत म्हणून एक कलम घातलं होतं: बंदर कार्यालयाच्या नोंदवहीत लिहिलेली वेळ अंतिम मानावी. ते वाचून आबा म्हणाले होते, "घ्या ताई, तुमचं अक्षर आता कायद्यात गेलं." सगळे हसले होते. ती थोडी सुखावलीही होती, खोटं का बोला. त्या संध्याकाळी राजधानीहून आलेल्या अधिकाऱ्याने उभ्याउभ्याच नोंदवही बघितली आणि म्हणाला, "सहा मिनिटं उशीर." शाळेत उशिरा आलेल्या पोराबद्दल म्हणावं तसं, रागाने नाही, नुसतं. तेव्हापासून ती एक्केचाळीस माणसं चार नंबरच्या गोदामात होती. त्यांना न्यायचं जहाज गुरुवारी सकाळी सुटायचं होतं. आज मंगळवार.

वजा केले होते की नाही? हा प्रश्न तिच्या डोक्यात आला तो बाकीचं सगळं बाजूला सारून मांडी घालून बसला. 'बांधली' असा आवाज आला. तिने हात वर केला. मनगटावर उन्हाने न रापलेला पांढरा पट्टा. मग मान वर केली, भिंतीकडे. मग लिहिलं. या मान वर करण्यात आणि लिहिण्यात एक क्षण होता, आणि त्या क्षणात एक तर वजाबाकी झाली होती किंवा नव्हती. झाली असेल तर भिंतीवर बारा सोळा होते, आणि माणसं खरंच उशिरा आली होती, आणि तिचा काही दोष नव्हता. झाली नसेल तर भिंतीवर बारा सहा होते, म्हणजे खरे अकरा छप्पन, आणि बाराला चार मिनिटं होती. ती डोळे मिटून त्या क्षणावर बोट फिरवत राहिली, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी. भिंत गुळगुळीत. काही लागत नव्हतं. आयुष्यभर आपण किती लक्ष देऊन जगलो असं तिला वाटत आलं होतं, आणि आता एकच क्षण हवा होता तर तिथे ती हजरच नव्हती. हात होता, शाई होती, ती नव्हती.

आणि गंमत म्हणजे ते घड्याळ पुढे केलं होतं तिनेच. एकोणीस वर्षांपूर्वी चिमणी तीन वर्षांची होती. चिमणीचे बाबा गेल्याला तेव्हा सहा महिने झाले होते. पाळणाघर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, साडेपाचला बंद. कार्यालय सुटायचं पाचला, आणि बंदरातून बाहेर नेणारी कर्मचाऱ्यांची बस सुटायची पाचला पाच कमी असताना. ही वेळ ज्याने ठरवली त्याला बहुतेक स्वतःला कधी घरी जायचं नसावं. त्यानंतरची बस सव्वासहाची. एकदा ती सव्वासहाच्या बसने गेली. पाळणाघराच्या बंद दारापुढच्या पायरीवर चिमणी बसली होती, बूट घालून, वेणी घालून, दप्तर मांडीवर. शेजारची एक बाई लांबून लक्ष ठेवून होती. चिमणी रडत नव्हती. तिने आईकडे असं बघितलं, जसं बघायला माणसाला निदान चाळिशी गाठावी लागते. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुणी नसताना ती स्टुलावर चढली आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. पाच वाजल्यावर उठलं की खरे चार पन्नास, बस मिळते. आबांच्या लक्षात आलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत काहीतरी केलं आणि म्हणाले, "आपलं घड्याळ फार हुशार झालंय बुवा." मग सगळेच त्या बसने जायला लागले. साहेबांची खोली दुसऱ्या जिन्याला, त्यांची गाडी वेगळी, त्यांचं घड्याळ वेगळं. चिमणी मोठी झाली, पाळणाघराचं दुकान झालं, पण घड्याळ कुणी मागे केलं नाही. चोरीच्या दहा मिनिटांवर सहा माणसांचे संसार उभे होते. कुणाची भाजी, कुणाची म्हातारी, कुणाचं नुसतं खिडकीत बसणं.

चार वाजता दुभाष्या चहाला वर आला. गोदामातल्या माणसांची भाषा येणारा शहरात हा एकटाच, एरवी शाळेत भूगोल शिकवायचा. अकरा दिवसांत त्याचे डोळे आत गेले होते. "कसं चाललंय खाली?" तिने विचारलं, आणि तिचा तिलाच आवाज नेहमीचा वाटला याचं नवल वाटलं. "चाललंय," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "पोरं आता माझी नक्कल करतात. बायका कपडे धुतात, वाळले की परत धुतात. दुसरं करणार काय? आणि ती म्हातारी आहे ना, तिचं एकच. रोज सकाळी मला धरते. म्हणते, आम्ही जमिनीवर उतरलो होतो, मग ते ओरडलं." "काय ओरडलं?" "तुमचा भोंगा हो, बाराचा. ते सगळे आडवे पडले होते म्हणे. मी जबाबात लिहिलं तसं. साहेब म्हणाले, अशा वेळी माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं." तो बशी तोंडाला लावणार तोच थांबला. "तुम्हाला बरं नाही का, ताई?"

खिडकीचा गज. आधी तिला गज आठवला, त्याचा गार, सोलवटलेल्या रंगाचा तळहाताला झालेला स्पर्श. लिहून झाल्यावर ती उठून खिडकीशी गेली होती, सगळेच गेले होते. माणसं धक्क्यावर उतरून दाटीवाटीने उभी होती, मिठाने पांढरी झालेली, कुणी भिंतीला हात लावून बघत होतं, भिंत खरी आहे ना म्हणून. आणि मग बंदराच्या कारखान्यावरचा भोंगा वाजला, रोज वाजतो तसा, दुपारचे बारा झाले म्हणून. आणि ती एक्केचाळीस माणसं एकाच वेळी जमिनीवर आडवी झाली. हात डोक्यावर. एक बाई एका मुलावर, पूर्ण झाकून, जणू मूल नव्हतंच. भोंगा थांबला तरी कुणी उठेना. हॉलमध्ये साफसफाईची मावशी म्हणाली, "अगंबाई, हे काय." आणि कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, घाबरून येतं तसं होतं. ते कुणी हसलं हे तिने अकरा दिवस स्वतःला विचारलं नव्हतं. ती हसली होती. भोंगा वाजला तेव्हा ती माणसं जमिनीवर होती, म्हणजे बारा वाजायच्या आत होती, हे खिडकीत उभ्या असलेल्या सहा जणांनी बघितलं होतं, वीस हातांवरून, स्वच्छ उन्हात. आणि सहाच्या सहा जण आपापल्या टेबलाशी परत गेले होते, कारण वेळ लिहून झाली होती, आणि लिहिलेलं ते झालेलं.

दुभाष्या गेल्यावर ती आबांच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगितलं, हळू, सरळ. आबा ऐकताना पेनाचं टोपण काढत होते आणि घालत होते. निवृत्तीला त्यांना चार महिने होते, तिला चौदा. "ताई," शेवटी ते म्हणाले, "नोंदवहीला पांढरं लावता येत नाही. लेखी निवेदन द्यावं लागतं. मी चुकले, म्हणून. सहीनिशी." "देते." "मग घड्याळाचं निघणार. कुणी पुढे केलं? किती वर्षं? रोज दहा मिनिटं, सहा माणसं. माझी सही आहे हजेरीवर, रोजची, पाच वाजता गेलो म्हणून." त्यांनी टोपण घातलं. "मी तुम्हाला नको म्हणत नाहीये. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या बोलू." त्यांचा आवाज इतका मऊ होता की तिला रडू येईल असं वाटलं, आणि पाच वाजले, म्हणजे चार पन्नास झाले, आणि सगळ्यांबरोबर तीही उठली, पर्स खांद्याला लावली आणि बसमध्ये जाऊन बसली. हे नंतर तिला सगळ्यात विचित्र वाटलं. इतकं सगळं कळूनही पाय वेळेवर उठले होते.

संध्याकाळी चिमणी कामावरून आली ती दारातूनच बोलत. ती आता फिजिओ होती, मोडलेली माणसं चालवायची. "आई, आज त्या बँकवाल्या काकांना मी चांगलं झापलं. पाय बरा होऊन तीन महिने झाले, एक्स-रे एकदम छान, तरी लंगडतात. म्हटलं, काका, दुखतंय का? तर म्हणे, छे, अजिबात नाही. मग लंगडता का? म्हणे, कोण, मी? त्यांना पत्ताच नाही गं." मग ती आईजवळ येऊन बसली. "काय झालंय? तोंड का असं?" तिने सांगितलं. आबांना सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, हसल्याचंही. चिमणीच्या पायातले बूट काढायचे राहिले होते. "ते घड्याळ तू माझ्यासाठी पुढे केलं होतंस?" "तुझ्यासाठी कसलं. माझ्यासाठीच. तू पुन्हा तसं बघायला नको होतंस माझ्याकडे." "मला ती पायरी आठवत नाही," चिमणी म्हणाली. "खरंच. पण अजूनही कुणी मला 'येतो पाच मिनिटांत' म्हटलं ना, की मी आधी बूट घालून बसते. सगळे हसतात." तिने बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "गोदामात ते लोक असेच बसले असतील, नाही?" एवढंच. बाकी दोघी जेवल्या, भांडी घासली, कुणाचं उद्या काय यावर बोलल्या. पण गादीला पाठ टेकताना तिला आपलं निवेदन शब्दन् शब्द पाठ झालेलं होतं.

बुधवारी सकाळी ती हॉलमध्ये आली, आणि सवयीने, आता घड्याळ परत आल्याच्या सुखाने, मनगट बघितलं: साडेनऊ. भिंत बघितली: साडेनऊ. ती तशीच उभी राहिली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे फार मन लावून काम करत होते, साडेनऊला इतकं काम या हॉलने कधी बघितलं नव्हतं. स्टूल सरकून घड्याळाखालच्या दाराशी आलं होतं आणि घड्याळाच्या कडेवरची एकोणीस वर्षांची धूळ एका ठिकाणी पुसली गेली होती, चार बोटांएवढी. मावशीने तिच्या टेबलावर न मागता चहाचा कप ठेवला. "तुमच्यासाठीच केलं हो, ताई," ती कुजबुजली. "आता कोण काय म्हणणार? घड्याळ बरोबर आहे." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. हे वाईट माणसांनी केलं असतं तर फार सोपं झालं असतं. पण ही माणसं तिची होती. चिमणीच्या तापात रात्री औषध घेऊन आलेली, तिच्या वाटची कामं न सांगता उरकणारी. त्यांनी तिला वाचवायला काटा दहा मिनिटं मागे केला होता, आणि त्या दहा मिनिटांत चार नंबरचं गोदाम अख्खं बुडालं होतं. तिने चहा प्यायला. चांगला होता. मग कागद ओढला आणि निवेदन लिहून काढलं, एकटाकी, सुबक.

साहेब तीन महिन्यांपूर्वी आलेले, तरुण, नेटके. बोलण्याआधी समोरचा कागद टेबलाच्या कडेशी समांतर करून ठेवायचे. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं. "मॅडम, हे तुम्ही मनाला लावून घेतलंय का?" "लावून घेतलंय, साहेब. पण झालंयही." ते उठले आणि तिच्यामागोमाग हॉलमध्ये आले, ते तिथे क्वचितच येत, सगळ्यांच्या खुर्च्या वाजल्या. त्यांनी भिंत बघितली, मनगट बघितलं. "हे तर बरोबर आहे." "काल नव्हतं." साहेबांनी आबांकडे बघितलं. आबा उभे होते, बोटांत टोपण. "घड्याळ आमचं पहिल्यापासून बरोबरच आहे, साहेब," ते म्हणाले, जमिनीकडे बघत. "आणि एक तारखेचा भोंगा? माणसं आधी उतरलेली होती का, कुणी बघितलं?" मावशी फडकं पिळत राहिली, ते कोरडं होतं तरी. साहेब परत जाताना जिन्याशी थांबले आणि आवाज खाली करून म्हणाले, "उद्या सकाळी जहाज आहे. राजधानीला फोन करून मी काय सांगू? एका बाईंना आठवलं? ते मला विचारतील, पुरावा काय. मी वाईट माणूस नाही, मॅडम." "नाही, साहेब," ती म्हणाली, आणि तिला ते पटलंही. त्या अख्ख्या इमारतीत एकही वाईट माणूस नव्हता.

दुपार कशी गेली ते तिला कळलं नाही. बाराचा भोंगा वाजला तेव्हा भिंतीवर बारा होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोघं एकदम बोलली, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं, ती कायमच एकदम बोलत आली आहेत. तिने खिडकीतून खाली बघितलं. गोदामाच्या कुंपणाशी बसलेली माणसं आता आडवी पडली नाहीत. फक्त त्या म्हातारीने हात वर करून वरच्या मजल्याकडे, नेमकं त्यांच्या खिडक्यांकडे, बोट केलं आणि ते तसंच धरून ठेवलं, भोंगा थांबेपर्यंत. पुरावा. खिडक्या बंद करता येतात, काटा मागे करता येतो. तिच्या डोक्यात उगाचच चिमणीचे ते बँकवाले काका चालत होते, बऱ्या झालेल्या पायाने लंगडत, कोण, मी? म्हणत. ती हातातलं काम थांबवून बसून राहिली. तिने हॉलकडे बघितलं, एकेकाकडे: आबा, टपालवाला, नकाशेवाला, नवीन लागलेली म्हणूनही आता सात वर्षं झालेली टंकलेखिका. यांच्या पाठी, यांचे खांदे, खुर्चीमागे लटकवलेल्या यांच्या पिशव्या. घड्याळ बरोबर केलं होतं. बस कुणी बदलली नव्हती. आणि तिला जे सुचलं त्याने तिला स्वतःचीच शिसारी आली, कारण ते सुचायला ही माणसं इतकी जवळून माहीत असावी लागतात.

साडेचारला ती साहेबांच्या खोलीत गेली. "एकच मागते, साहेब. पाचला दहा कमी असताना हॉलच्या दाराशी येऊन उभे राहा. काही बोलू नका. नुसतं बघा." साहेबांनी कागद समांतर केला. "काय बघायचंय?" "आलात की दिसेल. नाही दिसलं तर ते निवेदन फाडून टाका, मी परत नाव काढणार नाही."

ती येऊन खुर्चीत बसली. पर्स मुद्दाम खालच्या खणात ठेवली आणि खण लावला. चार पंचेचाळीस. टपालवाल्याने गठ्ठा बांधला. चार सत्तेचाळीस. मांडीवर ठेवलेले तिचे दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून होते, आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या टाचा आपोआप वर उचलल्या गेल्या आहेत. एकोणीस वर्षं, रोज. टंकलेखिकेने यंत्रावर कापड ओढलं. नकाशेवाल्याने चष्मा डबीत घातला. दुसऱ्या जिन्याच्या बाजूचं दार हळूच उघडलं आणि साहेब तिथे उभे राहिले. कुणी मागे वळून बघितलं नाही. चार पन्नास. आधी आबा उठले. पिशवी खांद्याला, छत्री काखेत, डबा हातात, एका सलग हालचालीत. त्यांच्यामागून टपालवाला, नकाशेवाला, टंकलेखिका, आणि बादली ठेवून पदर खोचत मावशी. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, गरजच नव्हती. खालून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. आणि सगळे दाराकडे वळले.

साहेबांनी भिंतीकडे बघितलं. मग या पाच माणसांकडे. मग पुन्हा भिंतीकडे. आबांनीही मान वळवून वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू खाली उतरलं. पाचला दहा कमी, अगदी नेमके, आणि त्यांच्या खांद्याला पिशवी. ते खोकले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. राग असता तर तिने सहन केला असता. पण आबांनी तिच्याकडे एकोणीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच बघितलं, मिशीत मात्र काही झालं नाही. "रोज याच वेळेला?" साहेबांनी विचारलं. "रोज, साहेब," आबा म्हणाले. मग छत्री टेबलाला टेकवून ठेवत, "आणि भोंग्याचंही खरं आहे. मी खिडकीत होतो. ते आधी उतरले होते." "मीपण होते," मावशी म्हणाली.

साहेब खोलीत गेले, दार उघडंच राहिलं. पाचही जण परत बसले, चौघं आपापल्या खुर्चीत आणि मावशी स्टुलावर, पिशव्या मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे. खाली बसवाल्याने एकदा हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा, लांब, काळजीने. मग बस रिकामीच सुटली. तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. आता सव्वासहापर्यंत काही नव्हतं. कुणाची भाजी राहिली, कुणाची म्हातारी दाराकडे बघत राहिली. कुणी तिच्याशी बोललं नाही, आणि पुढेही काही दिवस बोलणार नव्हतं, कदाचित पुढे कधीच पूर्वीसारखं नाही, हे तिला कळत होतं, आणि तिचे हात अजून सुटत नव्हते. मग आतून फोन फिरवल्याचा आवाज आला. "हो, मी बंदरावरून. नोंदवहीतली वेळ चुकीची आहे. हो, लेखी आहे. साक्षी आहेत. अकरा छप्पन." मग खूप वेळ पलीकडचंच कुणी बोलत राहिलं. "ते तुम्ही ठरवा, साहेब. पण उद्याच्या जहाजावर मी त्यांना चढवणार नाही, माझी सही होणार नाही... किती म्हणजे? एक्केचाळीस... आहेत ना, नावं आहेत. लिहून घेताय?"

कागद उलटल्याचा आवाज झाला. आणि साहेब वाचायला लागले. पहिल्याच नावाला अडखळले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पलीकडच्याला ऐकू गेलं नाही. मग एकेक अक्षर सोडवून, सावकाश. दुसरं नाव. तिसरं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. टपालवाल्याचे ओठ नकळत त्यांच्यामागून हलत होते. एकोणीस वर्षं रोज उचलून नेलेली ती दहा मिनिटं आज पहिल्यांदा या खोलीत बसली होती, आणि ती किती लांब असतात हे सगळे बघत होते. भिंतीवर पाच वाजले. तिच्या मनगटावरही पाच वाजले. कुणी उठलं नाही. साहेब सतराव्या नावावर होते.